ज्युरासिक पार्क: कादंबरी मोठी की पिक्चर? खान्देशी मंडळींनी लिहाच

तापीकाठ

मायकल क्रायटनची 'ज्युरासिक पार्क' ही कादंबरी १९९० ची, स्टीव्हन स्पिलबर्गचा चित्रपट १९९३ चा. कादंबरी वाचलेली माणसं बहुधा एकच तक्रार करतात, की पुस्तकातलं निम्मं पिक्चरमध्ये आलंच नाही. ते खरं आहे. तरी माझं मत असं, की चित्रपट ही कादंबरीपेक्षा मोठी कलाकृती आहे.

कादंबरीत सुरुवातीपासूनच काहीतरी बिनसलेलं असतं. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर एका लहान मुलीला कसलंसं सरड्यासारखं जनावर चावतं, डॉक्टरांना उलगडा होत नाही. डायनासोरांचं पार्क असलेल्या बेटावर पाऊल ठेवण्याआधीच वाचक धास्तावलेला असतो. चित्रपटातही आरंभी एक मजूर मरतो, पण नंतर स्पिलबर्ग घाई करत नाही. जीप थांबते. डायनासोरांचा अभ्यासक डॉ. ग्रँट चष्मा काढतो. वनस्पतींची तज्ज्ञ डॉ. सॅटलर हातातल्या पानाबद्दल बोलत असते, तो तिचं डोकं धरून वळवतो, आणि मग आपल्याला तो लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस दिसतो. त्या मिनिटाभरात ते बेट आपल्याला हवंसं वाटायला लागतं. पुढे सगळं कोसळतं त्याची हळहळ वाटते ती या मिनिटामुळे. कादंबरीच्या शेवटी बेटावर बाँब टाकतात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. चित्रपटात हेलिकॉप्टर निघतं तेव्हा सुटका झाल्याचं वाटतंच, पण पाय निघत नाही.

धोक्याचा इशारा द्यायचा तर जे गमवायचं आहे त्याची ओढ आधी लागली पाहिजे. कादंबरी इशारा फार हुशारीने देते, पण ओढ लावत नाही. तुमचं मत काय? १९९४ मध्ये हा हिंदीत डब होऊन आपल्याकडे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला होता. तेव्हा पाहिलेल्यांनी तर लिहाच.

दोंडाईचा_मिरची

मी देखेल शे भाऊ, हिंदीमाच! टी-रेक्स उना आनि बठ्ठं थेटर गुपचूप. मन्हा मामा सीटखाले बठी ग्या.

नंदुरबारी

मामांना नमस्कार सांगा. 😀 मी यात्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला. पडद्यावर पाऊस, बाहेर थंडी, आणि मध्यंतरानंतर कोणीही लवकर घरी जायला तयार नाही. डायनासोर हा शब्द आमच्या गल्लीत त्या रात्रीनंतर आला.

भुसावळ_जंक्शन

चांगला विषय काढलात तापीकाठ. मी फक्त आवाजाबद्दल लिहितो.

टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो तो अख्खा प्रसंग आठवा. त्यात पार्श्वसंगीत नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना तिथे एक सूरही वाजवलेला नाही. पाऊस, कुंपणाच्या तारा एकेक करून तुटतात तो आवाज, मुलांचे श्वास, बस्स. आणि त्याही आधी पेल्यातलं पाणी थरथरतं. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना ते निराळं समजावून सांगायला नको. भरलेली मालगाडी अजून लांब असते आणि मांडणीवरचे पेले बोलायला लागतात, तसंच ते.

पाण्यातली ती गोल वर्तुळं उठवणं सोपं नव्हतं. शेवटी डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती छेडली, तेव्हा जमलं. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा आवाज आहे, त्यात वाघ आणि मगर मिसळलेले. रॅप्टर, म्हणजे त्या चपळ शिकारी डायनासोरांच्या आवाजांत कासवसुद्धा आहे. हे सगळं गॅरी रायडस्ट्रॉमचं काम. चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले, त्यातले दोन आवाजासाठीचे. कादंबरीला हे कसं साधणार? माझं मत पिक्चरला.

पुणेकर_मूळचा_धुळ्याचा

मी ठामपणे उलट बाजूचा आहे.

कादंबरीतला पार्कचा मालक जॉन हॅमंड आठवा. पैसेवाल्यांना भुलवण्यासाठी तो पिंजऱ्यातला एक चिमुकला हत्ती घेऊन फिरायचा. तो हत्ती आजारी पडायचा, उंदरासारखा चावायचा, पण ते कोणाला सांगायचं नाही. पैसा उभा करायचा असेल तर औषधं बनवू नका, करमणूक बनवा, असा त्याचा साधा हिशोब. माणसं मरत असताना तो पुढच्या पार्कचे बेत करत असतो, आणि शेवटी त्याच्याच बेटावरची छोटी जनावरं त्याला खातात. ही विज्ञानाच्या बाजारीकरणाची गोष्ट आहे.

स्पिलबर्गने काय केलं? रिचर्ड ॲटनबरोला घेतलं. १९८२ चा 'गांधी' ज्याने दिग्दर्शित केला तो माणूस. पांढरी दाढी, पांढरे कपडे, प्रेमळ आजोबा. धंदेवाईक माणसाचा गुन्हा आजोबांच्या हौसेवर आणून ठेवला. लोभाची सगळी घाण संगणकवाल्या नेड्रीच्या माथी मारली, तो जाडा आहे आणि पसारा करतो म्हणून. हे मला पटत नाही. वकील जेनारो कादंबरीत धीट आहे, पिक्चरमध्ये तो मुलांना टाकून संडासात पळतो आणि लोक हसतात. शिकारी मल्डून कादंबरीत जगतो. गणितज्ञ माल्कमची पानंच्या पानं तत्त्वचर्चा चार वाक्यांत आटोपली.

कादंबरीची रचनाही बघा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक वक्राकृती, दर भागात ती अधिक गुंतागुंतीची होत जाते. कोसळणं आधीच आकृतीत दिसत असतं. हे पडद्यावर आलंच नाही.

चोपड्याची_लेक

पुणेकर दादा, हॅमंडबद्दल मी वाद घालणार.

वीज गेलेली आहे, नातवंडं बेटावर हरवली आहेत, आणि हॅमंड एकटा बसून आइस्क्रीम खातो आहे, सगळं वितळायला लागलं म्हणून. तो सॅटलरला त्याच्या पहिल्या खेळाची गोष्ट सांगतो: पिसवांची सर्कस. पिसवा नसायच्याच, मोटरवर चालणारे छोटे झोके आणि पाळणे, आणि मुलं म्हणायची आई, मला पिसू दिसली. त्याला या वेळी खरं काहीतरी दाखवायचं होतं, हात लावता येईल असं. सॅटलर त्याला सांगते, की ही अजून तीच सर्कस आहे, सगळं हातात असल्याचा भास. तो प्रसंग कादंबरीत नाही. माझ्या मते चित्रपटाचा जीव तिथे आहे.

लोभी माणूस ओळखू येतो. आपण त्याच्यापासून चार हात लांब राहतो. हा माणूस स्वतःची नातवंडं बोलावतो, इतकी त्याची स्वतःच्या कामावर श्रद्धा आहे. मला असल्या माणसाची जास्त भीती वाटते. ॲटनबरोने ते फार सुंदर केलंय. 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मधला त्यांचा, अवध ताब्यात घेणारा जनरल ऊट्रम बघा आणि मग हा हॅमंड बघा. तिथेही जे चाललंय ते बरोबर नाही हे डोळ्यांत दिसतं आणि माणूस तरी ते करतो.

आणि लेक्स-टिम या नातवंडांची अदलाबदल! कादंबरीत टिम मोठा, डायनासोर आणि संगणक दोन्ही त्यालाच येतं, लेक्स नुसती कटकट करते. चित्रपटात लेक्स मोठी, संगणक तिचा. माझ्या मुलीने त्या प्रसंगाला टाळ्या वाजवल्या.

रावेरी_बागायतदार

मला मात्र चित्रपटात न आलेल्या एका प्रसंगाची फार रुखरुख आहे. मोजणीचा प्रसंग.

बेटावरच्या जनावरांची मोजणी संगणक सतत करतो. दर वेळी आकडा बरोब्बर: २३८. सगळे निर्धास्त. माल्कम म्हणतो, त्याला २३९ शोधायला सांगा. सापडतात. मग ३०० शोधायला सांगा. संगणक २९२ वर थांबतो. यंत्र बिघडलेलं नव्हतंच. त्याला २३८ शोध म्हणून सांगितलं होतं, तेवढे सापडले की काम संपलं. एखादं मेलं किंवा पळालं तर कळावं, एवढाच विचार केलेला. वाढले तर काय, हे कोणाच्या मनातच आलं नाही, कारण सगळ्या माद्या बनवलेल्या. रॅप्टर आठ धरलेले, निघाले ३७. एकही थेंब रक्त नाही त्या पानावर आणि घाम फुटतो.

मी केळी लावतो म्हणून हे अंगावर आलं. आमच्या वडिलांच्या वेळी बसराई, श्रीमंती असायची, कंद आपल्याच नाहीतर भावकीतल्या बागेतून. आता मृगबाग असो की कांदेबाग, हंगाम कोणताही असो, रोपं उतीसंवर्धित, जी-९ म्हणजे ग्रँड नैन. सगळी एकमेकांची हुबेहूब नक्कल. केळीत गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे बी धरतच नाही. पुढचं रोप कुठून येणार ते प्रयोगशाळा ठरवणार. मी तक्रार करत नाही, मी तीच लावतो. घड सारखे येतात, कापणी एकदम निघते, माल परदेशी जातो. पण हरण्या आला, म्हणजे सीएमव्ही, की काय होतं ते रावेर-यावलच्या लोकांना विचारा. मावा तो विषाणू पसरवतो, झाड उपटून नष्ट करण्याशिवाय इलाज नाही. आणि एका झाडात जी उणीव ती सगळ्या बागेत.

कादंबरीत डायनासोर बनवणारा शास्त्रज्ञ डॉ. वू हॅमंडला म्हणतो, हे डायनासोर फार चपळ झालेत, पुढची आवृत्ती जरा संथ आणि माणसाळलेली काढू. हॅमंड म्हणतो, लोकांना खरे हवेत. वू सांगतो, हे आत्ताचेही खरे नाहीतच. हा संवाद चित्रपटात असायला हवा होता. त्या दोघांच्या बोलण्यात डायनासोर म्हणजे बियाण्याचं वाण आहे. आम्हाला ती भाषा रोजची.

कापूसकोंड्या

रावेरी भाऊ, तुम्ही केळीचं लिहिलं, आता कापसाचं ऐका. माल्कम चित्रपटात म्हणतो की जीव कसाही करून वाट काढतोच. हे वाक्य पारोळ्याच्या कोणत्याही कापसाच्या शेतात चालेल.

बीटी, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीची वर्षं बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हे कोणी नाकारू नये. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं यायचं, शेताच्या कडेने लावायला. हेतू असा की तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी संकर व्हावा, आणि प्रतिकारशक्ती पसरू नये. ते पाकीट किती जणांनी लावलं ते आपल्याला माहीत आहे. पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड ठेवली, हंगाम संपल्यावरही तेच पीक राखलं, म्हणजे गुलाबी अळीला बारमाही खानावळ. दोन जनुकांचं बीटी आलं होतं, तरी २०१७ ला गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. बाहेरून बोंड टवटवीत, फोडलं की आत अळी आणि काळी पडलेली सरकी.

इथेही कोणी दुष्ट नव्हतं. शास्त्रज्ञांनी उपाय पाकिटात घालून दिला होता. म्हणून चोपड्याच्या ताईंचं हॅमंडबद्दलचं म्हणणं मला पटलं. पण मोजणीचा प्रसंग पिक्चरमध्ये हवा होता हेही तितकंच खरं. तिथे माल्कम नुसतं बोलतो. कादंबरीत तो सिद्ध करून दाखवतो.

दोंडाईचा_मिरची

बारमाही खानावळ 😀 भाऊ, अळीने शेवभाजी मागितली नाही एवढं नशीब.

दगडधोंडे

थोडं विषयांतर, पण धागा खान्देशचा आहे म्हणून.

टी-रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टर हे दोघेही ज्युरासिक काळातले नाहीत, क्रेटेशियसच्या शेवटच्या टप्प्यातले आहेत. ज्युरासिक १४.५ कोटी वर्षांपूर्वी संपलं. खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला, टर्की कोंबड्याएवढा, आणि २००७ मध्ये त्याच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा सापडल्या. चित्रपटातला रॅप्टर आकाराने डायनोनिकस नावाच्या मोठ्या नातलगाच्या जवळचा. डीएनएचं म्हणाल तर २०१२ मध्ये नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांवरून काढलेलं त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं नष्ट व्हायला लागणारा काळ, ५२१ वर्षं. साडेसहा कोटी वर्षांनी त्यातलं काही उरत नाही, गोष्टीत ज्यातून डीएनए काढतात त्या राळेतल्या डासात तर नाहीच.

आता आपल्याकडचं. धुळे, साक्री, नंदुरबार भागात काळ्या दगडाचे लांबच लांब सरळ पट्टे जमिनीतून वर आलेले दिसतात. त्यांना डाइक म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला आणि भेगेतच गोठला. आजूबाजूचा मऊ दगड झिजला, हा उरला. धुळे-नंदुरबारच्या या डाइकांवर भूवैज्ञानिकांनी बरंच काम केलंय. म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळात खान्देशात लाव्हा वाहत होता. म्हणून आपल्याकडे विहीर खणताना हाडं सापडत नाहीत, बेसॉल्टच लागतो, किंवा तापीच्या खोऱ्यात गाळ. पण सातपुडा आणि नर्मदा ओलांडा: मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला. गुजरातेत रायोलीला राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर, त्याचं नाव २००३ मध्ये ठेवलं गेलं.

चोपड्याची_लेक

काय सांगता! सातपुड्याच्या पलीकडे अंडी? मुलगी आत्ताच विचारते आहे की धारला गाडी कधी काढायची.

नंदुरबारी

रॅप्टर कोंबड्याएवढा असेल तर आमच्याकडे त्याचा रस्सा झाला असता, पिक्चर झाला नसता. 😀

तापीकाठ

दगडधोंडे, फार छान माहिती. हे डाइक मी एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिलेत, आता नीट थांबून बघणार.

एक मुद्दा राहिला होता तो लिहितो. १२७ मिनिटांच्या या चित्रपटात डायनासोर सुमारे १५ मिनिटं दिसतात. त्यातही संगणकावर केलेले जेमतेम सहा मिनिटं. बाकी सगळी स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेत बनवलेली खरीखुरी यंत्रं. टी-रेक्स जवळजवळ १२ मीटर लांब, रबरी फोमच्या कातडीचा. सेटवरच्या पावसात ती कातडी पाणी प्यायची, वजन वाढून सगळं यंत्र थरथरायला लागायचं, मग दोन शॉटच्या मध्ये त्याला पुसून कोरडं करायचं. म्हणून गाडीच्या काचेवर दाब येतो तेव्हा वजन जाणवतं. नुसत्या संगणकाने केलेल्या नंतरच्या कितीतरी चित्रपटांत ते जाणवत नाही.

फिल टिपेट हा जुन्या पद्धतीने, मूर्ती इंचाइंचाने हलवून चित्रण करणारा उस्ताद. संगणकावरचा टी-रेक्स चालताना पाहून तो म्हणाला होता की आता मीच नामशेष झालो. स्पिलबर्गने ते वाक्य थेट ग्रँट आणि माल्कमच्या संवादात घातलं. टिपेटला मात्र घरी पाठवलं नाही. जनावर कसं चालतं, वजन कुठल्या पायावर टाकतं, हे संगणकवाल्यांना त्यानेच शिकवलं. चित्रपट ज्या प्रश्नाबद्दल आहे, तोच प्रश्न तो बनवताना समोर उभा होता, आणि तिथे जुनं ज्ञान टाकून दिलं नाही. मला याचं फार मोल वाटतं.

रावेरी भाऊ आणि कापूसकोंड्या, मोजणीचा प्रसंग पडद्यावर जमला असता असं मलाही तुमचं वाचून वाटायला लागलंय. पण त्याच्या जागी चित्रपटात काय आहे ते बघा. ग्रँटला झाडाखाली फुटलेली अंड्यांची टरफलं दिसतात, आणि तिथून निघालेल्या चिमुकल्या पावलांच्या खुणा. तोच शोध, तेच उत्तर. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद येतो, भीती मागाहून. आकड्यांनी हे साधलं नसतं.

पुणेकर_मूळचा_धुळ्याचा

टरफलांचा मुद्दा जोरदार आहे. पण त्याने तुमचंच म्हणणं थोडं डळमळतं, तापीकाठ. ग्रँट तिथे आनंदतो आणि आपणही. म्हणजे इशारा बाजूला राहिला. चित्रपट पाहून किती जणांना वाटलं की असं पार्क काढू नये? सगळ्यांना तिथे जायचंच होतं. कादंबरी वाचून कोणालाही जावंसं वाटत नाही. क्रायटनला तेच हवं होतं.

चोपड्याची_लेक

जावंसं वाटतं म्हणूनच तर प्रश्न अवघड आहे ना दादा! न आवडणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायला काय लागतं?

कापूसकोंड्या

पुणेकर भाऊंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आम्हालाही बीटी आवडलंच होतं. म्हणून कोणी १२० ग्रॅमच्या पाकिटाकडे बघितलं नाही. आवड लावायची तर सोबत मोजणीही शिकवायला हवी. माझं मत दोघांना मिळून.

भुसावळ_जंक्शन

कादंबरीतलं उरलेलं सामान पुढच्या चित्रपटांत वापरलं गेलं, हेही नोंदवतो. किनाऱ्यावर मुलीला जनावरं चावतात तो प्रसंग १९९७ च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे. उडत्या सरड्यांचा प्रचंड पिंजरा २००१ च्या तिसऱ्या भागात आला. मोजणी त्या दोन्हींत नाही. म्हणजे भीतीचे प्रसंग उचलले, विचाराचा तिथेच राहिला.

शहाद्याची_बाई

उशिरा आले, पण धागा पूर्ण वाचला. शाळेत नववीला हा चित्रपट दाखवायचं ठरतंय, हिंदीतला. माझ्या वर्गात बहुतेक मुलं कापूस, पपई, केळी करणाऱ्या घरांतली, काही सातपुड्यातल्या पाड्यांवरची. रावेरी दादांनी लिहिलेला मोजणीचा प्रसंग त्यांना सांगायचाच आहे. चित्रपटाआधी सांगू की नंतर?

तापीकाठ

नंतर, बाई. आधी त्यांना बेट मनसोक्त बघू द्या.

रावेरी_बागायतदार

मी आधी म्हणेन. फळ्यावर दोन रकाने आखा. एकात ८, दुसऱ्यात ३७. संगणक बरोबर होता तरी चुकला कसा, हे मुलांनाच विचारा आणि उत्तर सांगू नका. मग पिक्चर लावा. टरफलं दिसली की वर्गातला कोणीतरी ओरडेल बघा.

शहाद्याची_बाई

हे जमेल. दोन तुकड्या आहेत. एका तुकडीला आधी, दुसरीला नंतर सांगते, आणि कुठे काय झालं ते इथेच लिहिते.